‘नाखुदा आली’ : एका सागरी अद्भुत कादंबरीचा आस्वाद आणि विचार

१

‘रंजन’ हा शब्द विद्यापीठीय समीक्षेत बहुधा संकोचानेच उच्चारला जातो. एखादी कलाकृती रंजक आहे असे म्हणताच तिच्याविषयी अधिक काही बोलण्याजोगे नाही, असा समज होतो. आणि ज्या कृतीवर बरेच बोलता येते ती रंजक असलीच पाहिजे असे नाही, ही सवलतही आपण तत्परतेने देतो. वस्तुतः ज्या रसशास्त्राचा वारसा आपण सांगतो त्याचा आरंभबिंदूच आस्वाद हा आहे. रसिकाला आनंद का झाला, हा त्या शास्त्राचा पहिला प्रश्न. तो आनंद व्हायला हवा होता की नाही, हा फार नंतरचा. ऐतिहासिक अद्भुत कादंबरीसारख्या लोकप्रिय प्रकाराचा विचार करताना हा क्रम विसरला जातो. आनंद गृहीत धरून, किंवा अपराधासारखा झाकून, समीक्षक थेट ऐतिहासिक सत्यासत्याच्या तपासणीकडे वळतो.

अमेरिकन लेखिका शॅनन चक्रवर्ती यांची ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ आमिना अल-सिराफी’ (२०२३) ही कादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. जिन्न आणि त्यांची नगरी यांभोवती गुंफलेल्या त्रिखंडात्मक कादंबरीमुळे (२०१७–२०२०) या लेखिकेचे नाव झाले होते. प्रस्तुत कादंबरी २०२४ साली ह्यूगो पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. तिची नायिका बाराव्या शतकातील हिंदी महासागरातील एक चाचेप्रमुख स्त्री आहे. कादंबरी वाचताना आनंद होतो, ही वस्तुस्थिती प्रथम मान्य करू. हा आनंद इतिहासाला बाजूला सारून मिळतो की इतिहासाच्या आधाराने मिळतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे; आणि मराठीसारख्या भाषेत ही नायिका कोणत्या नावाने उभी राहू शकेल, हा त्याच्याशी निगडित असा दुसरा.

२

कथानक थोडक्यात असे : आमिना अल-सिराफी ही एके काळची विख्यात नाखुदा. ‘मारावती’ हे तिचे घराण्यातून आलेले जहाज. अनेक लूटमारी, अनेक विवाह आणि एक भयंकर अनुभव मागे टाकून ती अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आई व लहान मुलगी मार्जाना यांच्यासह अज्ञातवासात राहते. वय चाळिशीच्या पुढे, गुडघा दुखरा, नमाज नियमित. तिच्या जुन्या सोबत्यांपैकी असिफ नावाच्या एका मृत तरुणाची श्रीमंत आई, एडनची सलिमा, तिला हुडकून काढते आणि आपली नात दुनिया हिला एका फिरंगी साहसिकाने पळवून नेले असल्याचे सांगते. नातीला परत आणण्याबद्दल अमाप मोबदला, न आणल्यास कुटुंबाला धोका, असा हा प्रस्ताव आहे. आमिना पुन्हा समुद्रावर जाते; जुने सोबती एकेक करून जमवते. विषविद्येत निष्णात दलिला, हिंदुस्थानातून आलेला सहकारी तिंबू, नकाशांचा जाणकार मोगादिशूचा माजेद. फिरंगी फाल्कोचा शोध सोकोत्राच्या बेटापर्यंत जातो आणि तेथे कथेचा लौकिक प्रदेश संपून जिन्न, परी व मंतरलेल्या वस्तू यांचा अलौकिक प्रदेश सुरू होतो. दुनिया पळवली गेली नसून घरच्या बंधनांतून स्वतःच निघून गेली होती, हे पुढे उघड होते.

या सर्व घटना आमिना स्वतः सांगते आणि जमाल नावाचा लेखनिक त्या टिपून घेतो. मधूनमधून तो इतर कागदपत्रे व कथा घालतो. चाचेगिरीच्या कथेला दिलेली ही चौकट केवळ सोय म्हणून आलेली नाही. आमिनेचे नाव इतरांच्या आख्यायिकांत मलिन झाले आहे. तेव्हा तिची कहाणी तिच्या तोंडून यावी, ही तिची व लेखनिकाची समान गरज आहे.

३

ऐतिहासिक कादंबरीविषयीचा नेहमीचा आक्षेप येथे पहिल्याच पानापासून संभवतो. बाराव्या शतकात अरबी समुद्रावर एक मुसलमान स्त्री जहाजाचे आधिपत्य करते, हे कसे मानावे? अशा स्त्रीचा पुरावा त्या शतकातील साधनांत सापडत नाही. इतर काळांत व इतर समुद्रांत मात्र तो आहे. मोरोक्कोतील तेतुआनची सय्यिदा अल-हुर्रा हिने सोळाव्या शतकात पश्चिम भूमध्य समुद्रात चाचेगिरीचे सूत्रचालन केले. आणि चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर झेंग यी साओ हिने प्रचंड आरमारावर हुकमत गाजवून १८१० साली सरकारशी तडजोड करून निवृत्ती पत्करली. तथापि दुसऱ्या शतकातील उदाहरणाने या शतकातील शक्यता सिद्ध होत नाही, असे इतिहासकार म्हणेल, आणि ते योग्यच होईल.

परंतु कादंबरीचा आधार याहून सूक्ष्म आहे. आमिना होऊन गेली असा तिचा दावा नाही. आमिनेला वावरता येईल असे जग होते, एवढेच ती सुचवते. हे जग साधनांत चांगले दिसते. याच काळाच्या आरंभी येमेनमध्ये सुलैही घराण्याची राणी अर्वा राज्य करत होती. तिचा मृत्यू ११३८ सालचा. जुन्या कैरोतील सिनेगॉगच्या गेनिझा कोठारात जपली गेलेली कागदपत्रे अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवरील अल-वुह्शा नावाच्या दलाल स्त्रीचे दर्शन घडवतात. हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा गुंतवणारी, स्वतःच्या अटींवर जगणारी आणि समाजात चर्चेचा विषय झालेली अशी ही स्त्री आहे. याच गेनिझातील पत्रांवरून ११३५ साली कीश बेटाच्या अधिपतीने एडनवर आरमार पाठवल्याचे कळते. राजा, व्यापारी आणि चाचा या तिघांतील सीमारेषा त्या समुद्रावर किती पुसट होती, हे अशा नोंदींवरून ध्यानात येते.

या पुसटपणाचा कोकणशी प्रत्यक्ष संबंध आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिताना तेथील चाचे राजाच्या संमतीने वावरतात आणि लुटीतील घोडे राजाला मिळतात, असे नमूद केले आहे. त्याही आधी अल-बिरुनीने कच्छ व सोमनाथकडील समुद्री लुटारूंना ‘बवारिज’ म्हटले असून त्या नावाचा संबंध त्यांच्या ‘बीरा’ नावाच्या नौकांशी जोडला आहे. हिंदी-गुजरातीतील ‘बेडा’ त्यामागे सहज ओळखता येतो. चाचा हे मुळात वर्णन नव्हे, अभियोग आहे. आणि अभियोग कोण करतो यावर त्याचा अर्थ ठरतो. इंग्रजांच्या दप्तरात चाचा ठरलेले कान्होजी आंग्रे मराठी वाचकाला सरखेल म्हणून ठाऊक आहेत. त्यामुळे आमिना आपल्या नावावरील आरोपांना उत्तर देऊ लागते तेव्हा मराठी वाचकाला हे वळण परके वाटत नाही.

‘अल-सिराफी’ या उपनामातही बराच इतिहास साठला आहे. इराणी आखातावरील सिराफ हे नवव्या-दहाव्या शतकांतील मोठे बंदर. ९७७ सालच्या भूकंपानंतर त्याला उतरती कळा लागली आणि व्यापार हळूहळू कीशकडे वळला. आमिनेच्या काळी सिराफचे वैभव उरले नव्हते; माणसांच्या नावांत ते शिल्लक होते. सिराफच्या लोकांचा कोकणशी असलेला संबंध अल-मसूदीने नोंदवला आहे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६–१७ च्या सुमारास, तो सैमूर म्हणजे चौल येथे आला असता तेथे सुमारे १०,००० मुसलमान वस्ती करून होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक आणि हिंदुस्थानातच जन्मलेली त्यांची संतती होती. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, शके ८४८ च्या चिंचणी ताम्रपटात, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाण मंडलाचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिक म्हणजे अरब अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. त्याचे नाव मुहंमद. संस्कृतात ते ‘मधुमती’ झाले आहे. एका भाषेतील पैगंबराचे नाव दुसऱ्या भाषेत मधाचा गोडवा घेऊन उतरते, ही घटना चक्रवर्ती यांच्या कादंबरीतील कोणत्याही चमत्काराहून कमी अद्भुत नाही.

४

येथे भाषेचा प्रश्न येतो. कादंबरी इंग्रजीत असली तरी आमिनेला ‘कॅप्टन’ या पदाने वावरू न देता लेखिका ‘नाखुदा’ हा शब्द आग्रहाने वापरते. फारसी ‘नाव’ आणि ‘खुदा’ यांपासून तो सिद्ध झाला. नौकेचा धनी हा त्याचा मूळ अर्थ. यातील पहिले पद संस्कृत ‘नौ’चे सगोत्र आहे. १२६४ सालच्या वेरावळच्या संस्कृत शिलालेखात होर्मुझच्या नोरदीन पीरोजाच्या नावामागे हाच शब्द ‘नाखु’ या रूपात लागला आहे. मराठी किनाऱ्यावर त्याचा ‘नाखवा’ झाला आणि कोळ्यांच्या बोलीत, गाण्यांत व आडनावांत तो आजही जिवंत आहे.

हा एकटाच शब्द नव्हे. बंदर, दर्या, खलाशी, सारंग हे शब्द याच जलमार्गाने आले. अरबीत ठराविक ऋतूचा निर्देश करणारा ‘मौसिम’ पोर्तुगीजांकडून इंग्रजीत ‘मॉन्सून’ होऊन गेला आणि आपल्याकडे ‘मोसमी वारे’ म्हणून राहिला. ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक; समुद्रावर तो दिशादर्शक झाला आणि गुजरातीत ‘मालम’ म्हणून स्थिरावला. इंग्रजी वाचकाला या कादंबरीतील ज्या शब्दांसाठी थांबावे लागते, तेथे मराठी वाचक अर्ध्या ओळखीने पुढे जातो. त्याच्या आनंदाचा एक भाग या ओळखीचा आहे. परक्या कथेत आपल्याच घरातील भांडी मांडलेली दिसावीत, तसा हा अनुभव आहे.

तथापि ही ओळखच एक अडचण उभी करते. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. इंग्रजी नामांतही ते सामान्यतः नाही. त्यामुळे ‘नाखुदा’ हे पद आमिनेला सहज लावता येते. मराठीत ‘नाखवा’ हा आकारान्त पुल्लिंगी शब्द आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप साधण्यासाठी ‘-ईण’ प्रत्यय लावून ‘नाखवीण’ म्हटले तर काय होते? पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, वाणीण म्हणजे वाण्याची बायको. कोळीण, माळीण यांत ज्ञातीचा वा जातीच्या व्यवसायाचा अर्थ प्रबळ. अधिकारपदाला हा प्रत्यय लागला की तो अधिकार नवऱ्याकडे ठेवतो आणि बायकोला त्याची छाया देतो. ‘नाखवीण’ किनाऱ्यावर उभी राहून नवऱ्याच्या तारवाची वाट पाहील. जहाज ती हाकणार नाही. स्त्रीचे पद सांगण्यासाठी मराठीने घडवलेला प्रत्यय मुख्यत्वे नात्याचा प्रत्यय आहे, ही गोष्ट अशा कृतीच्या निमित्ताने स्पष्ट होते.

यावरचा उपाय मराठीने स्वतःच शोधलेला आहे. सरपंच, महापौर, न्यायाधीश ही पदे स्त्रियांना लावताना भाषेने नामाचे रूप बदलले नाही. लिंगाचा भार क्रियापदावर टाकला. ‘सरपंच आल्या’, ‘न्यायाधीश म्हणाल्या’. त्याच नियमाने ‘नाखवा’ऐवजी ‘नाखुदा’ हे कमी रुळलेले रूप स्वीकारून ‘नाखुदा आली’ म्हणता येईल. या दोन शब्दांच्या वाक्यात पद अविकृत राहते आणि स्त्री क्रियेत प्रकट होते. कादंबरीचा आशय याहून वेगळा नाही : आमिनेचे नाखुदापण तिच्या नात्यांवरून ठरत नाही, तिच्या कृतीवरून ठरते.

निवेदनाच्या बाबतीत मराठीची परीक्षा अधिक कठीण आहे. इंग्रजीतील ‘आय’ लिंगनिरपेक्ष आहे; अनेक पाने आमिनेचे स्त्रीत्व पार्श्वभूमीत जाऊ शकते. मराठीत ‘मी गेले’, ‘मी चढते’ असे प्रत्येक अकर्मक वा वर्तमानकालीन क्रियापद ती स्त्री आहे याची साक्ष देईल. सकर्मक भूतकाळात मात्र कर्त्याचे लिंग झाकले जाते : ‘मी दोर कापला’, ‘मी पत्र लिहिले’ ही वाक्ये स्त्रीची की पुरुषाची हे रूपावरून कळत नाही. म्हणजे मराठी आमिना कृती करताना लिंगमुक्त होईल, आणि नुसती येताना-जाताना, असताना-बसताना स्त्री असेल. व्याकरणातील हा योगायोग कुशल अनुवादकाच्या हाती अर्थपूर्ण साधन ठरू शकतो.

लेखनिक जमालच्या बाबतीत तर अनुवादकाला निर्णय टाळताच येणार नाही. ज्या दुनियेच्या शोधात सारी कथा घडते ती व्यक्तीच पुढे जमाल या नावाने लेखनिक झाली आहे, हे कथेच्या अखेरीकडे उलगडते. इंग्रजीत एका सर्वनामाच्या बदलाने हे साधते. मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांतील निवड पानोपानी करावी लागेल. आमिना लेखनिकाला उद्देशून बोलते ते रूप आणि दुनियेविषयी बोलते ते रूप यांत व्याकरणाचा पूर्ण पालट होईल. या पालटामुळे उलगड्याचा धक्का कमी होईल, असे भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एका व्यक्तीने स्वतःसाठी क्रियापदाचे दुसरे रूप निवडणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवेल, हीही शक्यता आहे.

५

अद्भुताच्या योजनेविषयी स्वतंत्र विचार हवा. मराठीत अरबी कथांचे आगमन कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’च्या द्वारे झाले. त्या शीर्षकातील दोन विशेषणे आजही उपयोगी आहेत. चमत्कारिक असूनही सुरस नसलेल्या कथा पुष्कळ असतात. चमत्काराला रस केव्हा येतो? विस्मय हा अद्भुताचा स्थायिभाव मानला आहे. पण विस्मयाला आलंबन लागते, आणि ते आलंबन वाचकाच्या परिचयाच्या जगात रुजलेले असावे लागते.

या कादंबरीचा पूर्वार्ध याचे उत्तम उदाहरण आहे. बंदरातील जकात, मोसमाची वाट पाहणारे व्यापारी, सुंभाने शिवलेली जहाजे, जुन्या सोबत्यांची संसारात गुंतलेली घरे, हे सारे लौकिक तपशील जागच्या जागी बसल्यावरच अलौकिकाची पहिली चाहूल लागते. दहाव्या शतकातील बुझुर्ग इब्न शहरियार या नाखुदाच्या नावावर असलेल्या ‘अजाइब अल-हिंद’ या संग्रहाची रीत अशीच आहे. तेथे खलाशी अमुक बंदरातून अमुक माल घेऊन निघतात. मग ज्या बेटावर उतरतात ते कासवाची पाठ निघते, किंवा केवळ स्त्रियांचे बेट लागते. मालाची यादी खरी असल्यामुळेच कासव खरे वाटते. त्या काळच्या दर्यावर्दी माणसाच्या मनात भूगोल आणि अद्भुत यांची दालने वेगळी नव्हती. तेव्हा जिन्नांना वगळून लिहिलेली ‘वास्तव’ कादंबरी त्या काळाशी अधिक प्रामाणिक ठरली असती, असे म्हणता येत नाही.

अद्भुताचे सर्वांत यशस्वी रूप रक्ष हे पात्र आहे. आमिनेने मद्याच्या अमलात ज्याच्याशी विवाह केला तो पुरुष मनुष्य नव्हता. आणि मार्जाना त्याचीच मुलगी आहे. असिफचा मृत्यूही या रक्षाशी केलेल्या सौद्यातून ओढवला. आमिनेचे गुपित, तिची अपराधभावना आणि मुलीविषयीचे भय ही तिन्ही सूत्रे या एका अलौकिक पात्रात एकवटतात. येथे अद्भुत हे नायिकेच्या अंतःकरणातील व्यथेचे आलंबन होते, आणि म्हणून ते सुरस होते. उत्तरार्धात परींच्या प्रदेशाचा जो भाग येतो त्याविषयी असे म्हणता येत नाही. तेथे आमिनेच्या जीविताशी संबंध असलेले अद्भुत मागे पडून पुढील भागांची तरतूद करणारे अद्भुत पुढे येते. तिने स्वीकारलेला करार कथेच्या आतून उगवण्यापेक्षा मालिकेच्या गरजेतून आल्यासारखा भासतो.

६

नायिकेच्या चित्रणातील खरे धाडस तिच्या तलवारीत नाही. तिच्या वयात आहे. साहसकथेचा नायक बहुधा घर सोडून निघालेला तरुण असतो. घरी परतणे हा कथेचा शेवट असतो. आमिना मध्यमवयीन आहे आणि तिच्यासाठी घर हा आरंभ आहे. मुलीपासून दूर जाणे हे तिला दुःख आहे, आणि समुद्रावर परतणे हा तिला आनंदही आहे. या दोन भावनांपैकी कोणतीही एक खोटी पाडून लेखिका सुटका करून घेत नाही. आपण मुलीसाठी निघालो आहोत असे आमिना सांगते. परंतु शीड वाऱ्याने भरताच तिला जो हर्ष होतो तो मुलीसाठी नसतो, हे तिलाही कळते. मातृत्व आणि महत्त्वाकांक्षा यांतील हे द्वंद्व येथे व्याख्यानातून मांडलेले नाही. ते प्रसंगांतून उमटते.

तिच्या श्रद्धेचे चित्रणही असेच संयत आहे. तिने लूट केली आहे, मद्य प्याले आहे, तरी तिची ईश्वरनिष्ठा दांभिक नाही. पापाची जाणीव बाळगून नमाजाला उभे राहणारी ही स्त्री बंडखोर नायिकेच्या रूढ साच्यात बसत नाही. ती साच्याबाहेर राहते म्हणूनच बाराव्या शतकातील वाटते.

याउलट संवादांची भाषा पुष्कळदा आजची होते. सोबत्यांतील थट्टामस्करी चुरचुरीत आहे. पण तिचा वेग व उपरोध एकविसाव्या शतकातील आहे. भूतकाळातील माणसांनी पुराणे इंग्रजी बोलावे असा हट्ट कोणी धरू नये. ती अरबीत बोलत होती आणि कोणतेही इंग्रजी हा अनुवादच आहे. आक्षेप शब्दांच्या नवेपणाला नाही. सर्व पात्रे एकाच पद्धतीने विनोदी होतात, याला आहे. विषप्रयोगी दलिला आणि संसारी माजेद यांच्या बोलण्यात जेवढे अंतर हवे तेवढे राहत नाही. फाल्कोचे पात्रही एकरंगी आहे. ज्ञानाची लालसा दुनियेला एका दिशेने आणि त्याला दुसऱ्या दिशेने नेते, ही तुलना कथेत बीजरूपाने आहे. परंतु खलनायकाला आतून पाहण्याचे कष्ट घेतले न गेल्यामुळे ती फुलत नाही.

७

हे दोष लक्षात घेऊनही कादंबरी आनंद देते, आणि त्या आनंदाची कारणे आता सांगता येतात. तिच्यातील समुद्र खऱ्या व्यापाराने, खऱ्या शब्दांनी आणि खऱ्या वाऱ्यांनी भरलेला आहे. तिच्यातील कल्पना या भरीव जगावर उभी आहे. इतिहास येथे रंजनाच्या आड येत नाही, त्याला भार देतो. गलबताला तोल राखण्यासाठी तळाशी भार लागतो. नुसत्या शिडांवर ते कलंडते. ऐतिहासिक अद्भुत कादंबरीत संशोधनाचे कार्य हेच आहे.

मराठीच्या अभ्यासकाला या कृतीतून आणखी एक काम मिळते. ज्या समुद्राने चौल, ठाणे व संजाण यांना सिराफ व एडनशी जोडले, त्याच समुद्राने मराठीला दर्यावर्दी शब्दांचा मोठा साठा दिला. हे शब्द बोलीत टिकले. कथावाङ्मयात मात्र त्यांचे वजन फार कमी वेळा तोलले गेले. अशी कादंबरी मराठीत यावी, अनुवादाने अथवा स्वतंत्र प्रतिभेने. ती येईल तेव्हा लेखकाला ‘नाखवीण’ आणि ‘नाखुदा आली’ यांत निवड करावी लागेल, आणि ती निवड केवळ व्याकरणाची नसेल.